पालथे तारे

मफद्दलचा विषय निघाला की लोक आधी त्याच्या शांतपणाचं कौतुक करतात. मला हसू येतं. जन्मभर ज्याच्या समोर बसून मी आरडाओरडा केला, त्या माणसाला शांत राहण्यावाचून दुसरी सोय काय होती? एका दुकानात दोन तोंडं एकदम सुटली असती तर दारात गिऱ्हाईक उभं राहिलं नसतं.

मी थामी. फरशी तोडणारा. आमच्या फेझ शहरात भिंतींवर, कारंज्यांवर, मशिदींच्या अंगणात जी रंगीत ताऱ्यांची नक्षी दिसते ना, तिचा एकेक तुकडा भाजलेल्या फरशीतून हातोडीने काढायचा, एवढीच माझी विद्या. मी तुकडे काढणार आणि मफद्दल ते जुळवणार. ही दोन कामं आमच्याकडे एक माणूस कधी करत नाही. तोडणारा आणि जुळवणारा म्हणजे सासू-सुनेचं नातं. नक्षीत फट पडली की जुळवणारा म्हणतो तुकडा वाकडा, तोडणारा म्हणतो तुझा हात वाकडा. अख्ख्या फेझमध्ये जा, प्रत्येक दुकानात हेच भांडण ऐकू येईल.

आमच्या दुकानात ते नव्हतं. म्हणजे माझ्या बाजूने मी कमी केलं नाही, पण पलीकडून कुणी भांडायलाच येईना. माझा एखादा तुकडा केसभर चुकला असला की मफद्दल तो बोटांत फिरवायचा आणि हळूच माझ्याकडे सरकवायचा. म्हणायचा, "थामी, हा जरा रुसलाय. बघ बाबा समजूत काढून." चुकला म्हणाला नाही कधी. मी धुसफुसत हातोडी घ्यायचो, कडेची कपची उडवायचो, तुकडा परत द्यायचो. तो जागेवर बसला की मफद्दल मान वर करून म्हणायचा, "अल्ला तुझं भलं करो." आमच्या धंद्यात तोडणाऱ्याचे आभार कुणी मानत नाही हो. भिंत पाहून लोक जुळवणाऱ्याचं नाव घेतात. माझे आभार मानणारा मला जन्मात तो एकच भेटला.

आता त्याचं काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची नक्षी पालथी बसवतात. जमिनीवर आखणी करायची आणि तिच्यावर तुकडे रंगाचं तोंड खाली करून मांडत जायचे. वरून पाहिलं तर सगळी भाजलेल्या मातीची पाठ. हिरवा कुठला, निळा कुठला, वरून काही कळत नाही. शिवाय तुकड्यांच्या कडा पाठीकडे निमुळत्या केलेल्या असतात, चुना धरावा म्हणून, त्यामुळे खालच्या बाजूला सांधा बसला की नाही हेही दिसत नाही. ते बोटाला कळावं लागतं. सगळे तुकडे मांडून झाले की पाठीवर चुना ओतायचा, तो घट्ट झाला की अख्खी लादी उचलायची आणि भिंतीला लावायची. आपण काय केलं हे जुळवणाऱ्याला तेव्हा कळतं, आणि तेव्हा काही बदलता येत नाही.

आणि आखणीला मफद्दलकडे काय होतं? एक दोरी, एक खिळा आणि कोळसा. आकडे त्याला बाजारापुरते यायचे. पण दोरी हातात आली की त्याच्या अंगात कुणी दुसरंच यायचं. खिळ्याभोवती घेर काढायचा, दोरी दुमडून घेराचे दोन भाग, परत दुमडून चार, परत आठ, परत सोळा. ज्या मापाने घेर काढला तेच माप घेऊन घेरावरून चालत गेलं की सहा पावलांत जागेवर परत येतो. सहाचे बारा, बाराचे चोवीस. "दोरीला सगळं माहीत असतं," तो म्हणायचा, "आपण फक्त विचारायचं." पाचचा तारा मात्र त्याला आवडायचा नाही. दोरी दुमडून पाच होत नाहीत. कुणी पाच टोकांची नक्षी मागायला आलं की त्याचं तोंड कडू व्हायचं आणि मी मुद्दाम म्हणायचो, करू की हो, आमच्या मफद्दलला पाचचं फार वेड.

घर म्हणा, मशीद म्हणा, भिंत कधी सरळ नसते. आमच्या जुन्या शहरात तर एकही काटकोन शोधून सापडायचा नाही. आणि नक्षी हट्टी. तारा मधोमध पूर्ण हवा, कडेला नेमका अर्धा, कोपऱ्यात नेमका पाव. पाऊण तारा म्हणजे लाज. तेव्हा वाकड्या भिंतीवर सरळ नक्षी बसवायची तर आधी भिंतीची कुंडली काढावी लागते. मफद्दल भिंतीसमोर दिवस दिवस बसायचा. दोरी लावायचा, दुमडायचा, परत लावायचा. मग भिंतीचा सगळा वाकडेपणा कडेच्या काळ्या पट्टीत तिळातिळाने वाटून टाकायचा, म्हणजे मधले तारे निवांत. लोकांना वाटायचं भिंतच सरळ होती.

सगळ्यात शेवटचा तुकडा तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. चारी बाजूंनी नक्षी पुरी होत आली, मध्ये एकच खाच राहिली की तो खिशातून काढून वर धरायचा आणि सोडायचा. दाबायचा नाही. तुकडा आपल्या वजनाने आत गेला तर सगळा हिशोब बरोबर. अडला तर कुठेतरी माशी शिंकली, आणि ती पार दुसऱ्या टोकाला शिंकलेली असू शकते. माझ्या समोर त्याचा तुकडा कधी अडला नाही. दर वेळी तो बोटाचं चुंबन घ्यायचा, अल्लाचे आभार मानायचा, मग दोरीचे, मग माझे. त्या ओळीत दोरीचा नंबर माझ्या आधी लागायचा, याचा मला राग होता.

त्याची बायको रकिया. दुकान होतं त्याच तुतीच्या गल्लीच्या तोंडाला सार्वजनिक पाण्याची जागा आहे, भिंतीत कमान, खाली दगडी कुंड आणि दोन तोट्या. रकिया नवी नवरी असल्यापासून तिथल्या उजव्या तोटीवर पाणी भरायची. मोठ्याने हसणारी बाई होती. माझ्यासारख्या तापट माणसालाही ती चार शब्द सुनावून वर जैतुनाची वाटी पुढे करायची. ती गेली तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी झहूर मेकनेसला दिलेली होती. मफद्दल एकटा पडला. पण दुकान होतं, मी होतो, दोरी होती. निभत होतं.

झहूर भरतकाम करते. फेझचं भरतकाम पाहिलंत तर कळेल, धागे मोजून घालतात, आणि कापड कुठूनही उलटवा, दोन्हीकडे एकच नक्षी. उलट बाजू म्हणून नाहीच. मफद्दलला याची मोठी गंमत वाटायची. म्हणायचा, आमच्या घरात लेकीच्या कामाला उलट बाजू नाही आणि बापाला कामाची सुलट बाजू दिसत नाही.

पुढे पुढे ते चेष्टेतलं बोलणं खरं व्हायला लागलं.

आधी त्याला लांबचं दिसेना. हे मला कळलं ते एका सकाळी. गल्लीत खजुराची पोती लादलेलं खेचर उभं होतं आणि मफद्दल त्याला अदबीने सलाम करून विचारपूस करत होता, हाज बुश्ता समजून. हाज बुश्ता म्हणजे आमच्या गल्लीतला सुक्या मेव्याचा दुकानदार, मोठं प्रस्थ. मी हसून हसून बेजार झालो. मफद्दलही हसला. मग म्हणाला, "थामी, कुणाला सांगू नकोस." 

मग जवळचंही जात गेलं. उजेड-अंधार कळायचा, माणसाचा आकार कळायचा, रंग नाही. हकिमांनी दोन्ही डोळे पाहिले आणि आता उपाय नाही म्हणून सांगितलं. पण एक गोष्ट ऐका. काम अडलं नाही. पालथं काम ते! ज्याला डोळे आहेत त्यालाही वरून मातीची पाठच दिसते. सांधा बोटाला कळतो, आकार बोटाला कळतो. आखणी त्याने कोळशाऐवजी खिळ्याने खरवडून करायला सुरुवात केली, म्हणजे रेघ हाताला लागावी. राहिला रंग. त्यासाठी टोपल्या होत्या. त्याच्या भोवती तुकड्यांच्या टोपल्यांचं कडं असायचं आणि प्रत्येक टोपलीची जागा ठरलेली. उजव्या गुडघ्याशी हिरव्या पाकळ्या, डाव्या गुडघ्याशी निळ्या. पाकळ्यांचं सांगायचं कारण, हिरवी आणि निळी एकाच मापाची असते, बोटाला फरक कळत नाही. बाकीचे तुकडे आकारावरून ओळखू यायचे. पाकळी फक्त जागेवरून.

मी तुकडे काढायचो ते थेट त्या टोपल्यांत टाकायचो. कुणाला पत्ता लागू दिला नाही. गिऱ्हाईक आलं की मीच आधी त्याचं नाव मानाचं सी लावून मोठ्याने घ्यायचो, या या, सी अमुक, म्हणजे मफद्दलला कळावं. लोक म्हणायला लागले, थामी म्हातारपणी गोड झाला. मला काय करायचंय लोकांशी.

भीती एकच होती, झहूरची. तिचा जीव बापावर. तिला कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी बसमध्ये घालून त्याला मेकनेसला घेऊन गेली असती, आणि मग गादीवर तक्क्याला टेकून सूप पीत बसणं. वाईट नाही म्हणत मी. जावई चांगला, नातवंडं गोड. पण मफद्दलच्या हातातून दोरी गेली असती तर त्याने पुढची ईदही पाहिली नसती. हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या कमानीतली जुनी नक्षी ढासळली. आत पाणी मुरून चुना फुगला होता. लोक जमले. कुणी म्हणालं कारखान्यातली छापील फरशी लावू, पटकन होईल. मफद्दल म्हणाला, मी करतो. मोबदला नको. माझ्या रकियाने इथे हयातभर पाणी भरलं, या कमानीचे माझ्यावर उपकार आहेत. हाज बुश्ताने जरा नाक मुरडलं, म्हाताऱ्याला झेपेल का म्हणून, पण गल्ली मफद्दलच्या बाजूने उभी राहिली.

कमानीत दोन लाद्या बसायच्या होत्या, शेजारी शेजारी. प्रत्येकीच्या मध्यावर सोळा टोकांचा मोठा तारा, हिरव्या पाकळ्यांचा. चारी कोपऱ्यांत पाव पाव तारे, निळ्या पाकळ्यांचे. दोन लाद्या भिडल्या की सांध्यावर पाव आणि पाव मिळून अर्धा निळा तारा व्हायचा. भिंत एका अंगाला कललेली. मफद्दलने तिचं माप घ्यायला इतके दिवस लावले की मी वैतागलो. पण उजवी लादी झाली, शेवटचा तुकडा आपल्या वजनाने आत गेला, चुना सुकला आणि गुरुवारी आम्ही ती भिंतीला चढवली.

लादी चढवली की तिचं तोंड चुन्याच्या पाण्याने माखलेलं असतं. सांध्यांतून पाझरलेलं असतं ना. पांढरंफटक, काही दिसत नाही. ते पुसण्याचा मान आमच्याकडे जुळवणाऱ्याच्या घरच्या बाईचा. नवरीचं तोंड धुतात तसं. एरवी रकिया धुवायची. या वेळी झहूर त्यासाठी मेकनेसहून आली. तिने फडकं भिजवून पुसायला घेतलं, हिरवा तारा उजळून वर आला, बायकांनी जीभ हलवून आनंदाच्या लकेरी घेतल्या. हाज बुश्ता स्वतः चहा घेऊन आला. माझा जीव भांड्यात पडला.

दुसरा दिवस शुक्रवार. दुकान बंद. झहूरने घरी कुसकुस रांधलं, बाप नमाजाला गेला, आणि तिला वाटलं, बाबांच्या दुकानाची जरा झाडलोट करावी. शनिवारी मी नव्हतो. सेफ्रूला भाचीचं लग्न होतं, रविवारी परतलो. आलो तोवर डाव्या लादीवर चुना ओतलेला. मफद्दल म्हणाला, शेवटचा तुकडा असा गेला थामी, जसा घरी गेला. मी म्हटलं वा, टोपल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर लादी चढवली. अख्खी गल्ली जमलेली. झहूरने बादली घेतली, फडकं पिळलं आणि उजव्या लादीच्या सांध्यापासून पुसायला लागली. एक हात फिरवला आणि थांबली.

मी तिच्या मागेच होतो. सांध्यावरचा अर्धा तारा, जो निळा व्हायचा होता, तो उजवीकडे निळा आणि डावीकडे हिरवा.   झहूरने परत फडकं भिजवलं, आणि सगळी लादी पुसली, वरपासून खालपर्यंत, एकही कोपरा न सोडता, अगदी सावकाश. मधला मोठा तारा निळा निघाला. चारी कोपरे हिरवे. जिथे हिरवं तिथे निळं, जिथे निळं तिथे हिरवं. आणि काय सांगू तुम्हाला, एकही तुकडा बेशिस्त नाही. प्रत्येक रेघ उजव्या लादीतून निघून सांधा ओलांडून डावीत गेली होती, जशी एका हाताने ओढली. मी तोंडात बोट घातलं. अदलाबदल झाली होती तीसुद्धा कायद्यात. आकृतीला कुठला रंग कुठे याच्याशी काही देणंघेणंच नव्हतं, ती आपली जागच्या जागी पुरी होती.

पण हे मला दिसलं. गल्लीला दिसलं ते एवढंच की दोन बाजू जुळत नाहीत. लकेरी आल्या नाहीत. कुजबुज सुरू झाली. हाज बुश्ता पुढे झाला आणि म्हणाला, "सी मफद्दल, ही बाजू अशी कशी? डोळे मिटून केलीस काय?"

तो खवचटपणे बोलला होता, खरं बोलला हे त्याला ठाऊक नव्हतं. मफद्दलचा चेहरा उतरला. तो हाताने चाचपत सांध्यापाशी गेला, एका रेघेवर बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे नेलं. दुसऱ्या रेघेवरून नेलं. मग माझ्याकडे वळला.

"रेघा तर पार गेल्यात. थामी, रंगाचं काय आहे?"

आता मी काय सांगणार? कामाच्या बाबतीत आम्ही एकमेकांशी कधी खोटं बोललो नव्हतो. खरं सांगावं तर इथेच, गल्लीसमोर, मुलीसमोर त्याचा सगळा पडदा फाटणार. 

झहूर हात पुसत पुढे आली. आवाज अगदी रकियाचा.

"रंगाचं माझ्याकडून ऐका," ती म्हणाली. "मीच सांगितलं बाबांना. उजव्या तोटीवर माझी आई पाणी भरायची, ती बाजू आईची. डावी माझी. आई आणि लेक एका मापाच्या असतात, पण एका रंगाच्या नसतात. कुणाला खटकत असेल त्याने समोरच्या तोटीवर तोंड धुवावं."

हाज बुश्ताने वर कमानीकडे पाहिलं. मग म्हणाला, असं आधी सांगायचं ना पोरी, आणि आपल्या नोकराला चहासाठी ओरडला. मागून एका म्हातारीने लकेर घेतली, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. रकियाच्या नावाने बायका डोळे पुसायला लागल्या.  मी कुंडाच्या कडेवर बसलो.

दुकानात आलो तेव्हा आम्ही तिघंच होतो. मफद्दल आपल्या जागेवर बसला. त्याने उजव्या गुडघ्याशी हात नेला, मग डाव्या. झहूर उभीच होती.

"तू मला असं काही सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला.

"नाही सांगितलं. पाकळ्यांच्या टोपल्या मी हलवल्या बाबा. शुक्रवारी. माझे धागे मी लावते तशा लावल्या, फिक्यापासून गडद. मला वाटलं तुम्हाला सोपं जाईल."

"सोपं कशाला?"

"दिसत नाही ना तुम्हाला."

मी माझ्या हातोडीकडे बघत बसलो. मफद्दलने विचारलं, कधीपासून माहीत आहे. ती म्हणाली, आई गेल्यानंतरच्या पहिल्या ईदेपासून. मी दारात उभी होते आणि तुम्ही खुंटीवरच्या माझ्या झग्याला आशीर्वाद दिलात. हे ऐकून मला हसू आवरेना, आणि मला बघून तीही हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मेकनेसला न्यायलाच आली होती ती. परतीच्या बसमध्ये दोन जागा सांगून ठेवल्या होत्या. टोपल्या आवरायला आली आणि बापाचं काम नासवलं, असं म्हणत ती कपाळ बडवायला लागली. बाबा, तुम्ही म्हणाल तर लादी फोडून टाकू, ती म्हणाली.

मफद्दलने तिला जवळ बसवलं. तिचा हात हातात घेतला. मला वाटलं आता हा रागावणार, निदान आज तरी. तर त्याने काय विचारावं?

"म्हणजे बाकी एकही तुकडा चुकला नाही?"

"एकही नाही," मी म्हणालो. "पाकळ्या सोडून सगळं जिथल्या तिथे. आणि पाकळ्याही, तुझ्या हिशोबाने, जिथल्या तिथे."

तो माणूस हसला हो. त्याचे खांदे खाली आले. मग मला कळलं की इतके महिने तो कशाला भीत होता. डोळे गेले त्याला नाही. हात जातील त्याला. मांडतोय ते बरोबर की आपण अंधारात काहीतरी रचतोय, हे त्याला कुठून कळणार होतं? मी बरोबर आहे म्हणायचो, पण मित्र तर तसंच म्हणणार. आणि आज टोपल्या फिरल्या होत्या, म्हणून सिद्ध झालं की हात फिरले नव्हते. त्याने झहूरच्या बोटांचं चुंबन घेतलं, जसं शेवटचा तुकडा बसला की स्वतःच्या बोटाचं घ्यायचा. म्हणाला, "अल्लाचे उपकार. पोरी, तुझेही." या खेपेला दोरीचं नाव आलं नाही.

झहूर त्यानंतर थोडे दिवस राहिली. प्रत्येक टोपलीच्या कडेला तिने जाड धाग्याची पट्टी शिवली, बोटाला लागेल अशी. पट्टीवर हिरव्याला एक तारा भरला, निळ्याला दोन. वर मला जवळ बसवून टोपल्यांचा क्रम पाठ करवून घेतला, जसा काही तो मला माहीत नव्हता. मी तडतडलो, तिने ऐकलं नाही. मग एका सकाळी ती एकटीच निघाली. दुसरी जागा तिने सोडून दिली होती. बाप दुकानाच्या दारात उभा, मी तिची पिशवी घेऊन बसपर्यंत गेलो. पायरीवर चढता चढता ती वळली आणि म्हणाली, "थामीकाका, एकच करा. दुकान कुणाला झाडू देऊ नका."

नाही दिलं. पुढची किती तरी वर्षं तो काम करत होता आणि आमच्या दुकानात झाडू शिरला नाही. गिऱ्हाइकं नाकाला फडकं लावायची. माझी बायको म्हणायची, तुमच्या अंगाला आता मातीच उगवेल. मी म्हणायचो, उगवू दे. तो शेवटपर्यंत जुळवत राहिला, तारे पालथे, तोंड जमिनीकडे, आणि खिशातला तुकडा दर वेळी आपल्या वजनाने आत गेला. गल्लीतले लोक आजही उजव्या बाजूला रकियाची बाजू म्हणतात आणि डावीला लेकीची. नव्या सुना कुठल्या तोटीवर भरायचं यावरून भांडतात म्हणे.

मफद्दल वसंतात गेला, संत्र्याला फुलं असताना. झोपेत गेला, घरच्या गादीवर, सकाळी दुकानाला यायचं म्हणून पायघोळ जेल्लाबा उशाशी घडी करून ठेवलेला. झहूर आली, मातीला नेलं, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. एकटाच. म्हटलं, आता झाडायला काय हरकत आहे, कुणाची अडचण? झाडू घेतला आणि दारापासून सुरुवात केली. माझ्या फरशी तोडायच्या दगडाभोवती झाडलं, भिंतीकडेने झाडलं, त्याच्या जागेपर्यंत आलो. टोपल्यांचं कडं तसंच होतं, मधली त्याच्या बैठकीची जागा तेवढी स्वच्छ, घासून गुळगुळीत झालेली. उजव्या गुडघ्याशी एक तारा, डाव्या गुडघ्याशी दोन.

तिथून मी परत फिरलो. झाडू दाराबाहेर ठेवला, माझ्या जागेवर बसलो, आणि हिरव्या फरशीतून एक पाकळी काढून उजवीकडच्या टोपलीत टाकली.